गोदामातली नगरपालिका

पाइपचा धंदा हा कोरडा धंदा आहे. पाइपात पाणी येतं ते आमचा माल विकून झाल्यावर, आणि नाही आलं तर लोक प्लंबरला धरतात, आम्हाला नाही. त्यामुळे या धंद्यात माणूस शांतपणे म्हातारा होऊ शकतो. माझंही तसंच व्हायला हवं होतं.

दुकान अजमानला, गोदाम दुबईत अल क्वोजला. मालक गफूरसेठ, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका छोट्या शहराचे. मीही तिथलाच. सेठ खालच्या मोहल्ल्यातले, मी वरच्या वाडीतला, मधे एक चढ. गावी असताना तो चढ ओलांडून आम्ही कधी एकमेकांच्या घरी गेलो नव्हतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी बी.कॉम. होऊन बाजारात उभा राहण्याचं काम करत होतो, तेव्हा सुट्टीवर आलेल्या सेठनी मला विचारलं, "देसायांचा ना तू? इंच आणि सूत समजतं?"

मी हो म्हणालो. समजत नव्हतं. तिथून माझी नोकरी सुरू झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाइपच्या दुकानात पाइप विकतात. पाइप हा सोपा भाग. खरा धंदा असतो तो पाइप जिथे वळतो, फुटतो किंवा थांबतो तिथला. वळायला एल्बो, फाटा काढायला टी, थांबवायला व्हॉल्व्ह. प्रत्येकाचे आठ-दहा आकार, प्लास्टिकचे वेगळे, लोखंडाचे वेगळे, पितळेचे वेगळे. गिऱ्हाईक हातात एक तुटका, गंजका तुकडा घेऊन येतं आणि म्हणतं, "ऐसा." त्या 'ऐसा'ला उत्तर देता येणं म्हणजे आमचं शिक्षण.

पहिल्याच आठवड्यात एका पठाण ठेकेदारानं असाच तुकडा काउंटरवर ठेवला. तो आकार आमच्याकडे संपला होता. मी म्हणालो, "नहीं है." पठाण गेला. सेठ तो नजरेआड होईपर्यंत थांबले.

"देसाई, काय बोललास त्याला?"

"नाही म्हणालो. नव्हतंच, सेठ."

"आपल्याकडे नव्हतं. आगाकडे हाय ना!" आगा म्हणजे शेजारच्या दुकानातला म्हातारा इराणी. "गिऱ्हाइकाला नाय बोलायचं नाय. बोलायचं, है, गोदाम में है, बैठो, चाय पियो. त्याचा चहा होईपर्यंत मागच्या दारानं जायचं आणि आगाकडून आणायचं. उद्या आगा आपल्याकडून नेल. हा सगळा बाजार एकच दुकान हाय. दरवाजे तेवढे वेगळे."

हा आमच्या धंद्याचा पहिला आणि शेवटचा नियम. मी तो इतका पाळला की पुढे घरीही मला नाही म्हणता येईना. बायको विचारायची, या शुक्रवारी अबुधाबीला जायचं का? मी जाऊ म्हणायचो. अबुधाबी आम्ही आठ वर्षांनी पाहिली.

सेठच्या आयुष्यात राजकारण शिरलं त्याच्या थोडं आधी क्लाउस येऊन गेला. क्लाउस हा एका जर्मन व्हॉल्व्ह कंपनीचा विक्रेता. वर्षातून दोनदा यायचा, उन्हानं टोमॅटोसारखा लाल व्हायचा आणि काउंटरवर बसून आमचा चहा प्यायचा. त्याचं इंग्रजी मी सेठना हिंदी-मराठीत सांगायचो आणि सेठचं त्याला इंग्रजीत. दोघांच्या मैत्रीतला निम्मा मजकूर माझा होता.

त्या खेपेला त्यानं पाकिटातून एका तैलचित्राचा छोटा फोटो काढला. दाढीवाला माणूस, काळा डगला, गळ्याभोवती जाड केसाळ कॉलर. क्लाउस म्हणाला, हा माझा पूर्वज. कापडाचा व्यापारी. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी नदीकाठच्या आमच्या गावाचा नगराध्यक्ष झाला. त्या काळात गाव तटबंदीच्या आत होतं आणि नगराध्यक्ष व्यापाऱ्यांमधूनच निवडायचे. निवडलं की नाही म्हणता येत नसे.

"का नाय?" सेठनी विचारलं.

नाही म्हणणाऱ्याला दंड व्हायचा, क्लाउस म्हणाला. मग युद्ध आलं. परकी फौज वेशीपाशी येऊन थांबली आणि खंडणी मागू लागली. गावाच्या तिजोरीत तेवढं नव्हतं. पूर्वज बाहेर गेला आणि सेनापतीला म्हणाला, खंडणी आहे, थोडा वेळ द्या. त्याला वाटलं होतं शेजारची गावं देतील. त्या गावांच्या वेशीपाशीही फौजा होत्या. तेव्हा त्यानं स्वतःला ओलीस दिलं. खंडणी पुरी होईपर्यंत मी तुमच्या छावणीत राहतो म्हणाला, आणि राहिला. त्याचं चित्र अजून तिथल्या टाउन हॉलमध्ये आहे.

मी भाषांतर करून थांबलो. मला वाटलं सेठ 'वा' म्हणतील. ते म्हणाले, "त्याला विचार, तोवर दुकान कोण सांभाळत होता?"

क्लाउसला माहीत नव्हतं. चारशे वर्षांत हा प्रश्न त्याच्या घरात कोणी विचारलाच नव्हता. पुढच्या खेपेला शोधून सांगतो म्हणाला.

पुढच्याच महिन्यात आमच्या गावची पन्नासेक माणसं शुक्रवारच्या नमाजनंतर अल क्वोजच्या गोदामात जमली. मोहल्ल्याची जास्त, वाडीची थोडी. कोणी शारजाच्या अल नहदाहून, कोणी अजमानहून, कोणी जवळच्याच लेबर कॅम्पमधून. खुर्च्या तीन होत्या, बाकीचे पाइपांच्या गठ्ठ्यांवर बसले. नगराध्यक्षाची निवडणूक आता थेट होणार होती आणि त्यांना सेठना उभं करायचं होतं. मतं गावातल्या बायकांची, पण ती कुठे पडायची ते शारजातून फोनवर ठरतं, असं निदान शारजातले पुरुष समजत.

सेठ म्हणाले, "मना राजकारणातलं काय कळतं?"

"पाणी कळतं ना!" मोहल्ल्यातला लतीफ म्हणाला. तो टॅक्सी चालवायचा आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायचा. "गावात एप्रिल-मे पाण्याची बोंब. तुमचा धंदाच पाण्याचा."

"माझा धंदा पाइपचा हाय, लतीफ. पाण्याचा अल्लाचा."

सगळे हसले. तो नकार आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सेठनी 'नाय' हा शब्द वापरला नव्हता. वापरायची सवयच नव्हती. खतीजाभाभी, सेठच्या पत्नी, आतल्या केबिनमध्ये चहा गाळत होत्या. त्या मला म्हणाल्या, "देसाईभाई, आमच्या घरातला नळ वर्षभर गळतोय, ह्यांना वायसर बदलायला टाइम नाय. गावचे नळ बघणार!"

सेठ उभे राहिले. प्रचाराच्या फोटोसाठी अजमानच्या स्टुडिओत गेले आणि जुलै महिन्यात केसाळ कॉलरचा कोट घालून बसले. तो कोट आगाचा होता. गावात पोस्टर लागलं तेव्हा माझ्या आईनं फोनवर विचारलं, "अरे, तुझ्या सेठला बरं नाही का?"

ते निवडून आले.

इथून पुढे आमचं गाव दोन ठिकाणांहून चालू लागलं. सेठ काही महिने तिकडे, काही महिने इकडे. याला कारण व्हिसा. इथला राहण्याचा परवाना असलेला माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की त्याचा परवाना खलास. नगरपालिकेतही सहा महिने गैरहजर राहिलं की पद जातं, असं आमचे गाववाले सांगत. म्हणजे सेठना दोन्हीकडे हजेरी लावायची होती. बाकी त्यांचा प्रवास सुखाचा व्हायचा. जाताना बॅगेत पितळी नळ, येताना फणसपोळी.

सेठ गावी असले की इकडचे गाववाले शुक्रवारी गोदामात माझ्याकडे यायचे. एकाला आईच्या दारासमोर दिवा हवा होता, कारण आई अंधारात दोनदा पडली होती. एकाला गल्लीला वडिलांचं नाव द्यायचं होतं. गल्लीत त्याचंच एक घर होतं. रास-अल-खैमाहून तीन तास प्रवास करून एक म्हातारा सुतार आला, फक्त हे सांगायला की एसटी स्टँडवरच्या मुतारीचं दार चुकीच्या बाजूला उघडतं आणि ते त्यानं बसवलेलं नाही.

मी सगळ्यांना चहा द्यायचो आणि सगळ्यांना सांगायचो, "होईल."

आणि व्हायचंही. सेठ दिवे स्वतःच्या खर्चानं लावायचे, नळ दुकानातून न्यायचे, दार मुंबईच्या ओळखीच्या सुताराकडून फिरवून घ्यायचे. नगरपालिकेकडे जे नव्हतं ते सेठ मागच्या दारानं आणत होते, एवढंच. त्यांना वाटत होतं गाव चालवणं म्हणजे दुकान चालवण्यासारखंच आहे. मलाही तसंच वाटत होतं. शिवाय मला ते आवडायला लागलं होतं, हेही लिहायला हवं. दुकानात मला कोणी उठून सलाम करत नव्हतं. शुक्रवारी गोदामात करत होते.

मग पाण्याचा विषय आला. नदीवरच्या बंधाऱ्यातून नवी लाइन टाकायला मंजुरी मिळाली. एक लाइन. बंधाऱ्यात उन्हाळ्यात पाणी राहतं तेही एका लाइनीपुरतंच. दुसऱ्या लाइनीसाठी बंधाऱ्याची उंची वाढवायला हवी, आणि ते पुढच्या वर्षाचं काम. कायद्याप्रमाणे नगराध्यक्षाला स्वतःच्या दुकानाचा माल पालिकेला विकता येत नाही, म्हणून पाइप कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून आले. पाइपवाल्या सेठनी स्वतःच्या गावाला एक फूट पाइप विकला नाही. ते पाइप जाडीला कमी आहेत असं सेठनी मला फोनवर तीनदा सांगितलं.

प्रश्न एवढाच होता की लाइन कुठे न्यायची. खाली मोहल्ल्यात विहिरींना खारं पाणी लागतं. वर वाडीत विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात. दोन्हीकडे मे महिन्यात लग्नं होती, कारण आखातातली माणसं तेव्हाच सुट्टीवर जातात.

त्या शुक्रवारी लतीफ मोहल्ल्याची दहा-बारा माणसं घेऊन गोदामात आला. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. "देसाईभाई, साफ बोला. लाइन कुणाची? तुम्ही वाडीवाले, म्हणून विचारतो."

शेवटचं वाक्य त्यानं हसत म्हटलं. मला ते लागलं. त्याला चहा देऊन मी म्हणालो, "लाइन मोहल्ल्याची. झालं म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी गावाहून सेठचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"देसाई, मी वाडीवाल्यांना लाइन कबूल केली."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? कार्ड संपलं काय?"

"सेठ, मी काल मोहल्ल्याला कबूल केली."

फोनवर मागे कोंबडा आरवत होता.

"तू वाडीतला ना रे? तू मोहल्ल्याला कशाला दिलीस?"

"वाडीतला म्हणूनच दिली. तुमच्या माणसांना वाटायला नको, सेठ नसले की मॅनेजर आपल्या वाडीकडे ओढतो. पण तुम्ही वाडीला कशी दिलीत?"

"तेच की!" सेठ म्हणाले. "गफूरसेठ मोहल्ल्याचा, मोहल्ल्यालाच देणार, असं कुणी बोलू नये म्हणून."

अजमानच्या बाजारात ही आमची नेहमीची रीत होती. माल एकच असेल तर तो आधी परक्या गिऱ्हाइकाला द्यायचा. घरच्या माणसाला थांबवता येतं. तिथे ही रीत कधी चुकली नव्हती, कारण तिथे आगा होता.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "मी लतीफला सांगतो माझी चूक झाली."

"तू काय पण सांगणार नायस. तू बोललास म्हणजे दुकान बोललं. लाइन मोहल्ल्याला जाईल."

"आणि तुमचा शब्द? मोहल्ल्याला दिली तर सगळे म्हणतील सेठनी शेवटी आपल्याच माणसांना..."

"बोलू दे. मॅनेजरचा शब्द फिरवला की उद्या दुकानात तुझ्याशी कोण बोलेल? माझा शब्द मी दिला, तो कसा भरायचा ते मी बघतो."

आयुष्यात सेठनी कुणाला कबूल केलेला माल नाकारला नव्हता. तो माणूस आता चढ चढून वाडीच्या देवळासमोर उभा राहणार होता आणि पहिल्यांदा 'नाय' म्हणणार होता, ते माझ्यामुळे.

त्या सभेला माझी आई होती. तिनं मला फोनवर जसं सांगितलं तसं लिहितो. सेठ म्हणाले, यंदा पाणी खाली जाणार. मी तुम्हाला वर देतो बोललो होतो, ते जमत नाय. म्हणून वाडीत पाणी येईपर्यंत, नायतर पाऊस लागेपर्यंत, मी आणि माझी बायको वाडीत राहणार. तुम्हाला जेवढं पाणी मिळेल तेवढंच आम्हाला. टँकर येईल त्याचं पाणी मी रांगेत उभा राहून भरीन.

तात्या नावाचे एक म्हातारे आहेत, त्यांना कुणाचंच पटत नाही. ते म्हणाले, "चार दिवस राहाल आणि विमानात बसाल."

"पाऊस लागेपर्यंत बसणार नाय."

"आणि राहणार कुठे?"

इथे माझी आई म्हणाली, "माझ्याकडे. खोली रिकामी आहे." मग ती मला म्हणाली, "कुणीतरी म्हणायला हवं होतं ना? आणि त्याचंच मीठ खातोस तू."

मी तेव्हा क्लाउसच्या पूर्वजाचा विचार केला. सेठनी केला होता का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलं नाही.

तो उन्हाळा मी फोनवर ऐकला. आई तक्रारी करायची. "तुझा सेठ सकाळी पाच वाजता उठून खाकरतो. आणि आंघोळीला अख्खी बादली लागते त्याला, दुबईची सवय. मी सांगितलं, इथे तांब्या मोजून. तेव्हापासून मोजून घेतो." खतीजाभाभींबद्दल मात्र पहिले पंधरा दिवस ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई बरी आहे. चहात साखर जास्त घालते. आमच्या गळक्या नळाचा वायसर तिनं सेठकडून बदलून घेतला." त्या नळाला तेव्हा पाणी नव्हतं.

टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. नगराध्यक्ष दोन कॅन घेऊन रांगेत उभे असायचे. सुरुवातीला पोरं हसली. मग बायकांनी त्यांना पुढे जायला सांगितलं, ते गेले नाहीत. तात्या रोज संध्याकाळी आईच्या ओट्यावर येऊन बसायचे, सेठ पळाले नाहीत ना ते बघायला. मग दोघं पत्ते खेळायला लागले.

खाली लाइनीला पाणी आलं. लतीफच्या बहिणीचं लग्न झालं. सेठ निमंत्रित होते, पण लग्नात हात धुवायला नळाखाली जाणं बरं दिसणार नाही म्हणून ते बाहेरूनच आहेर देऊन आले. मोहल्ल्यातल्या लोकांना ते फार लागलं. आपलं पाणी काय हराम आहे का, असं काहींनी विचारलं.

मे महिना निम्मा झाला तेव्हा बशीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बशीर हा आमचा व्हिसाची कामं बघणारा केरळी माणूस. "देसाईभाई, सेठ का छे महिना खलास होता है. एक बार आ के एअरपोर्ट पे ठप्पा मार के वापस जाए, बस."

मी गावी फोन लावला. "सेठ, एसटीनं मुंबई, तिथून विमान, एक रात्र इथे, आणि परत. चार दिवस. व्हिसा वाचेल."

"तात्याला काय सांगू?"

"तात्यांना सांगा कामासाठी चाललो. ते काय, परवानगी देणारे आहेत?"

"देसाई," सेठ म्हणाले, "ओलीस माणूस सुट्टी टाकतो काय रे?"

म्हणजे त्यांना क्लाउस आठवत होता. पुढे जे बोललो ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी रडलो. गोदामात, इंचावारी लावलेल्या पाइपांच्या मधे उभा राहून म्हणालो, सेठ, शब्द मी दिला होता, दुकान तुमचं का जावं? ते म्हणाले, "दुकान कुठे जातंय? तू आहेस की."

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. व्हिसा त्याच्या आधी गेला.

नवा व्हिसा काढायला कफीलची सही लागते. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इथला धंदा असतो तो स्थानिक माणूस. आमचे जुने कफील वारले होते. मुलगा फार सभ्य होता. मी आणि बशीर त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, किती वेळा बसलो त्याचा हिशेब नाही. खजूर यायचा, कहवा यायचा. तो म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. तो एकदाही नाही म्हणाला नाही. आमचाच नियम आमच्यासमोर बसून कहवा पाजत होता. गिऱ्हाइकाला कसं वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं.

शेवटी सेठच म्हणाले, "दुकानाच्या परवान्यावर माझ्या जागी तुझं नाव घाल. त्याला चालतंय ना? मग घाल. दुकान चालू राहू दे."

मी आढेवेढे घेतले. मग घातलं. संध्याकाळी अल नहदाच्या घरी जेवताना बायकोला सांगत होतो. माझी मुलगी तेव्हा सातवीत. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "सो इज इट अवर शॉप नाउ, बाबा?"

"टेक्निकली," मी म्हणालो.

"कूल," ती म्हणाली.

सेठचा हिस्सा दर महिन्याला जातो. ते घेतात आणि दर वेळी विचारतात, दुकानाला कमी पडलं नाय ना? मी त्यांच्या खुर्चीत बसत नाही. बाजूला माझी वेगळी खुर्ची आहे. गिऱ्हाइकांना वाटतं मालक आत्ताच उठून गेलेत. माझ्या एका 'होईल'मुळे त्यांचं दुकान गेलं आणि ते मला मिळालं. यात गुन्हा कुठला, असं मी ज्याला सांगतो तो विचारतो. गुन्हा असता तर शिक्षा भोगून मोकळा झालो असतो.

पुढच्या निवडणुकीत सेठ पडले. ज्या वाडीला पाणी मिळालं नाही तिनं त्यांना भरभरून मतं दिली, तात्यांनीसुद्धा. ज्या मोहल्ल्याला पाणी मिळालं त्यानं पाडलं, आणि मोहल्ला मोठा आहे. नळाला पाणी आलं की ते कुणी आणलं हे कुणी विचारत नाही, आणि सेठ आपल्याला सोडून वर राहायला गेले हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. बंधारा वाढला, वाडीची लाइन आली, तेव्हा नारळ दुसऱ्याच नगराध्यक्षांनी फोडला. आईकडचा नळ गळला नाही.

त्यानंतर कधीतरी क्लाउस आला. निवृत्त होणार होता, निरोप घ्यायला आला होता. सेठ नाहीत म्हणून हिरमुसला. मग म्हणाला, तुमच्या सेठनी विचारलेलं मी शोधलं. गावच्या जुन्या दप्तरखान्यात एक बाई असते, तिनं मदत केली. पूर्वज सुटून आला तेव्हा म्हातारा झाला होता. दुकान त्याच्या मुनिमानं सांभाळलं होतं. चांगलं सांभाळलं होतं. पुढे ते मुनिमाच्याच नावावर झालं आणि त्याच्या मुलांकडे गेलं.

मी विचारलं, "त्या मुनिमाचं चित्र आहे कुठे?"

क्लाउसनं जरा विचार केला. "नाही," तो म्हणाला. "त्याचं कशाला असेल?"

मी त्याला चहा दिला. सेठना हे फोनवर सांगितलं नाही.

सेठ गेल्या खेपेला व्हिजिट व्हिसावर आले. पाहुणे म्हणून, एक महिना. विमानतळावरून थेट अजमानला चला म्हणाले. दुकानासमोर उतरून त्यांनी पाटी बघितली. पाटीवर त्यांचंच नाव आहे. ती बदलायची मला कुणी सक्ती केलेली नाही आणि मी आठवण करून देत नाही. खतीजाभाभींनी आईनं दिलेला कोकमाचा डबा माझ्या हातात ठेवला. सेठ आत आले, त्यांच्या खुर्चीकडे बघितलं, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"तिथे बसा ना, सेठ."

"नको रे. व्हिजिटवर आलोय."

तेवढ्यात एक बंगाली प्लंबर आला. जुन्या घाटाचा एक पितळी व्हॉल्व्ह त्यानं काउंटरवर ठेवला. "ऐसा."

तो आकार आता कंपन्या बनवत नाहीत. मी मान हलवणार, इतक्यात स्टुलावरून आवाज आला.

"है, है. गोदाम में है. बैठो भाई, चाय पियो."

सेठनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते त्याला कुठल्या जिल्ह्याचा म्हणून विचारायला लागले होते.

मी मागच्या दारानं बाहेर पडलो. आगाचं दुकान जाऊन तिथे मोबाइलचं दुकान झालं आहे. आगा वारला. पलीकडचा गुजराती शारजाला गेला. मी पुढच्या गल्लीत गेलो, तिथून तिच्या पुढच्या. उन्हात शर्ट पाठीला चिकटला. चार दुकानांत मला सांगितलं, नहीं है. तोंडावर, सरळ. चहासुद्धा नाही. शेवटी मासळी बाजाराच्या मागे एका सिंधी म्हाताऱ्याच्या माळ्यावर, धुळीनं भरलेल्या खोक्यात एक निघाला. त्यानं सत्तर दिरहम सांगितले. म्हणजे साडेनऊशे रुपये, असं मी सवयीनं मोठ्यानं म्हटलं, आणि दिले.

परत आलो तेव्हा प्लंबरचा तिसरा चहा चालला होता. सेठ त्याला तात्यांच्या पत्त्यांतल्या लबाड्या सांगत होते आणि तो हसत होता. मी व्हॉल्व्ह पुसून काउंटरवर ठेवला.

"बहुत टाइम लगा," प्लंबर म्हणाला.

सेठनी माझ्याकडे पाहिलं.

"हां," मी म्हणालो. "गोदाम में बहुत अंदर था."